स्लॅबमध्ये हललेले नाणे: काय करावे, काय टाळावे

प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत ग्रेडिंग करून आलेले नाणे म्हणजे संग्राहकांच्या भाषेत 'स्लॅब'. नाण्याभोवती लवचिक कडे असते, त्याला गॅस्केट म्हणतात. काही कंपन्या कड्याऐवजी छोटे दाते वापरतात. ही पकड सैल असली की नाणे हलते. गोव्यातल्या लाटंबार्से-डिचोली भागातल्या संग्रहात पोर्तुगीज भारताची नाणी बरीच असतात. 1881 चा पहिल्या लुइस राजाचा चांदीचा रुपया स्लॅबमध्ये फिरला, तर राजाचे मस्तक आडवे झालेले दिसते. अशा वेळी पुढील क्रमाने जावे.

1. आधी दोष ओळखावा. नाणे जागच्या जागी फिरले आहे की मोकळे होऊन खडखडते आहे? फिरलेल्या नाण्याने फक्त डोळ्यांना त्रास होतो, ग्रेड कमी होत नाही. खडखडणाऱ्या नाण्याची मात्र काळजी घ्यायला हवी, कारण त्याची कड आणि उंच भाग प्लॅस्टिकवर घासतात. चांदी मऊ, सोने त्याहून मऊ. खात्री करण्यासाठी स्लॅब कानाजवळ नेऊन हळूच कलता करावा, जोरात हलवून पाहू नये.

2. दोन्ही बाजूंचे फोटो लगेच काढावेत. प्रकाश तिरपा ठेवावा आणि दहापट भिंगातून गाल, केस, मुकुट यांवर ताजी चमकदार घासट दिसते का ते पाहावे. पुढे कंपनीशी किंवा विक्रेत्याशी बोलायची वेळ आली, तर हेच फोटो उपयोगी पडतात.

3. स्लॅब अस्सल आहे का, ते तपासावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. मूळ नाणे काढून दुसरे बसवले, तर ते कड्यात नीट बसत नाही आणि हलू लागते. पेटीचा जोड चारही बाजूंनी निरखावा: गोंदाचा पांढुरका ओघळ, केसासारखी चीर, कोपऱ्यावर टोकदार हत्याराची खूण. मग लेबलवरचा क्रमांक एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकी ग्रेडिंग कंपन्यांपैकी जिचा स्लॅब असेल तिच्या संकेतस्थळावर टाकावा. तिथे फोटो असल्यास वर्ष-प्रकारावर समाधान न मानता नाण्यावरचे ओरखडे आणि डाग जुळवावेत. तेच ओळखीचे खरे पुरावे. न जुळल्यास पुढचे काहीही न करता विक्रेत्याला लेखी कळवावे.

4. नाणे नुसते फिरलेले असेल तरच सरळ करण्याचा प्रयत्न करावा. पलंगावर दुहेरी टॉवेल पसरावा. त्याच्या वर स्लॅब कडेवर उभा धरून त्याची कड तळहातावर टिचकीसारखी हलकेच आपटावी. प्रत्येक टिचकीनंतर थांबून नाणे किती सरकले ते पाहावे. चार-पाच टिचक्यांत ते जागचे हलले नाही, तर सोडून द्यावे. प्रूफ (आरशासारख्या पृष्ठभागाचे) नाणे, सोन्याचे नाणे किंवा खडखडणारे नाणे यांवर हा उपाय करूच नये. पेटीला भोक पाडून सुईने ढकलणे, फ्रीजमध्ये ठेवणे, उष्णता देणे हे सल्लेही ऐकू येतात. ते सरळ कानाआड करावेत.

5. पेटी बदलायची असेल तर ती न फोडता कंपनीच्या 'रीहोल्डर' सेवेची चौकशी करावी. फोडल्यास ग्रेडची हमी संपते. भारतातल्या वाचकांपुढे इथे कायद्याचा प्रश्न येतो. 1972 च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरातन वस्तू ठरते आणि ती देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार खाजगी व्यक्तीला नाही. 1881 चा रुपया आणि 1912 चा पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा रुपया दोन्ही या कक्षेत येतात, त्यामुळे अमेरिकेला पाठवून पेटी बदलून घेण्याचा विचार सोडावा. 1935, 1947 किंवा 1952 च्या रुपयाला वयाची ही अट अजून लागू होत नाही, तरी पाठवण्यापूर्वी सीमाशुल्क आणि कुरियर यांचे नियम विचारून घ्यावेत.

6. नाणे खडखडतच राहणार असेल तर स्लॅबची हालचाल थांबवावी. पेटी डब्यात घट्ट बसेल अशी ठेवावी, मोकळी जागा कोऱ्या, आम्लरहित कागदाने भरावी. वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड चांदी काळी करतात. स्लॅब हवाबंद नसतो, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच आणि त्या वेळोवेळी बदलायलाही हव्यात. कपाटातल्या डांबरगोळ्या लांब ठेवाव्यात. दोडामार्गच्या रस्त्याने दुचाकीच्या डिकीत स्लॅब टाकून नेणे म्हणजे नाण्यावर पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये आवळून, अंगाजवळच्या पिशवीत न्यावा.

7. ओळख किंवा अस्सलपणा याबद्दल शंका राहिली, तर नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. जाण्याआधी पत्राने विचारणा करावी, सोबत दुसऱ्या पायरीतले फोटो जोडावेत.

8. विकताना नाणे हलते किंवा फिरले आहे हे वर्णनात आधीच लिहावे आणि हलते नाणे दाखवणारा छोटा व्हिडिओ द्यावा. निव्वळ फिरलेल्या नाण्यासाठी फारशी सूट देण्याचे कारण नाही. घासट दिसत असेल, तर किंमत लेबलवरच्या ग्रेडवरून न ठरवता प्रत्यक्ष नाणे पाहून ठरवावी.