असेंब्लीची विद्या आणि कचेरीचा शिरस्ता

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारे चिरंजीव अथवा कन्या असेंब्ली या यंत्राच्या निकटच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याच्या नादी लागली, की ‘याला नोकरी कोण देणार?’ ही चिंता वडीलधाऱ्यांना ग्रासते. आणि निव्वळ असेंब्ली लिहिणाऱ्यांच्या जागा आज विरळ असल्यामुळे ती चिंता सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणवत नाही. परंतु या विद्येचे मोल तिच्या नावाने निघणाऱ्या जाहिरातींवरून ठरवणे, हे व्याकरणाचे मोल वैयाकरणांच्या पगारावरून ठरवण्यासारखेच होय.

या विद्येचे खरे मोल ती अंगी बाणवत असलेल्या शिस्तीत आहे. डॉसच्या अमदानीत प्रोग्रॅमने पडद्याच्या मेमरीत परस्पर अक्षरे मांडली, तरी त्यास हटकणारा कोणी नव्हता. परंतु १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी ८०३८६ या प्रोसेसरवर ज्या लिनक्सचा आरंभ केला, त्यात सामान्य प्रोग्रॅमला पडदा, डिस्क वा दुसऱ्याची मेमरी यांस परभारे हात लावण्याची मुभा नसून, हवे ते कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, कचेरीत रीतसर अर्ज करून मागावे लागते. चौसष्ट-बिटी लिनक्सवर एक ओळ छापावयाची, तर आरएएक्स या रजिस्टरात लेखनाचा क्रमांक १, आरडीआयमध्ये ठिकाण, आरएसआयमध्ये मजकुराचा पत्ता आणि आरडीएक्समध्ये त्याची लांबी भरून मग ‘सिसकॉल’ ही आज्ञा द्यावी. बत्तीस-बिटी काळातील पुस्तकातला ४ हा क्रमांक येथे उतरवला, तर लेखन बाजूला राहून फाइलीची चौकशी सुरू होते. आणि अर्ज नामंजूर झाल्याची वर्दी देणारी ऋण संख्या ज्याने तपासली नाही, त्याला आपले चुकले कोठे हेही उमगत नाही.

शेजारधर्मही तितकाच कडक. आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही रजिस्टरे वापरली, तर परतण्यापूर्वी ती पूर्ववत करावीत, आणि दुसऱ्या फंक्शनला पाचारण करताना स्टॅकचा पत्ता १६ने निःशेष भागला जाईल अशी तजवीज ठेवावी. अन्यथा आज बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम उद्या ‘प्रिंटएफ’च्या पोटात कोसळतो.

कंपायलर, ड्रायव्हर, एम्बेडेड यंत्रणा आणि घातक सॉफ्टवेअरचे विश्लेषण या क्षेत्रांत हीच जाण कामी येते. प्रथम सी भाषा पक्की करावी, ‘जीसीसी’ने तिचे असेंब्लीत केलेले रूपांतर वाचावे, ‘जीडीबी’त एकेक आज्ञा चालवून पाहावी आणि ‘एसट्रेस’ने कर्नलकडे गेलेले अर्ज न्याहाळावेत, ही सारी साधने विनामूल्य आहेत. पुढे सी-डॅकचा ‘वेगा’ अथवा मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ यांसारख्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर काम करण्याचा योग आला, तर रजिस्टरांची नावे बदलतील, शिरस्ता पाळण्याची सवय मात्र तशीच उपयोगी पडेल. म्हणून पालकांनी पगाराचा प्रश्न थोडा लांबणीवर टाकून, ‘घेतलेली रजिस्टरे परत केलीस ना?’ एवढेच तूर्त विचारावे.