पाहुण्यांची शिदोरी

मार्चमधला रविवार होता. आम्ही पहाटेच जालन्याजवळच्या घाणेवाडी तलावावर गेलो. फुललेल्या पळसावर भोरड्यांचा थवा कलकलाट करीत होता. उर्दूत आपण यांना तिलियर म्हणतो.

एका मुलाने दगड उचलला. मी म्हणालो, "थांब बेटा! हे हिवाळ्यातले पाहुणे आहेत. आता ते मध्य आशियाकडे परततील. तिथे ते घरटी करतात. प्रवासासाठी ते भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात. तीच त्यांची शिदोरी. उगाच उडवले, तर ती निघण्याआधीच खर्च होते. सालिम अलींनीही लहानपणी छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. पिवळ्या कंठाची ही चिमणी कोणती, हे विचारायला ते गेले आणि पुढे मोठे पक्षितज्ज्ञ झाले."

मुलाने दगड टाकला आणि दुर्बीण मागितली.