टू-टी की फोर-टी?

प्रश्न : नव्या सीओटू वेल्डिंग मशीनवर २टी/४टी असा स्विच आहे. कारागीर म्हणतो, ४टीवरच ठेवा, बोट दुखत नाही. ठेवावं का?

उत्तर : लांब शिवणीला जरूर ठेवा. २टीमध्ये ट्रिगर दाबून धरला तोवर वायर, गॅस आणि करंट चालू. सोडला की बंद. ४टीमध्ये एकदा दाबून सोडायचं, आर्क चालूच राहतो. पुन्हा दाबून सोडलं की थांबतो. मीटरभर शिवण मारताना बोट मोकळं राहिलं की हातही स्थिर राहतो. शिवाय बऱ्याच मशीनांत दुसऱ्यांदा दाबून धरलं, की करंट उतरतो आणि शेवटचा खड्डा भरून घेता येतो. तिथेच तडे जातात, म्हणून ही सोय मी बोटाच्या आरामापेक्षा मोठी मानतो.

टॅक मारायला मात्र २टीच. पातळ पत्र्यालाही तेच, कारण भोक पडतंय असं दिसताच बोट सुटलं पाहिजे. ४टीत घाबरून टॉर्च नुसता मागे ओढला, तर काही मशीनांत वायर बाहेर येतच राहते आणि तिच्यात विजेचा दाबही असतो. नव्या पोराच्या हाती टॉर्च देण्याआधी स्विच कुठे आहे ते बघा.