गर्भपिशवीला दोष सापडला, मग काढायची का?

वडवणीच्या ओपीडीत ‘पिशवीचा आकार वेगळा आहे’ एवढंच म्हणायचा अवकाश, सोबतच्या सासूबाई विचारतात, “मग काढूनच टाकायची का?” दोष त्यांचा नाही, ही सवय बीड जिल्ह्याला लावली गेली. २०१९ मध्ये सरकारी समितीने ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती.

जन्मतः पिशवीत पडदा असणं, तिला दोन शिंगं असणं किंवा एकच बाजू वाढलेली असणं हा आजार नव्हे. ग्रहणाचा, नजरेचा, सुनेच्या खाण्याचा यात काहीही संबंध नाही. अशा कित्येक जणींचं बाळंतपण सुखरूप होतं. काहींचा गर्भ पडतो, बाळ पायाळू राहतं, कळा लवकर येतात. पडदा दुर्बिणीतून कापता येतो. यूट्यूबवरचा काढा पिऊन तो विरघळत नाही.

क्वचित, फारच क्वचित, गर्भ न वाढलेल्या छोट्या शिंगात रुजतो. ते बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात फुटतं. रक्त पोटात साचतं, बाहेर थेंबही दिसेल असं नाही. मागे फडावरून एक बाई आली. कळ आली तेव्हा कुणी गॅसची गोळी दिली, कुणी ओवा चावायला लावला. आमच्याकडे पोचली तेव्हा जीभ पांढरीफटक, नाडी हाताला लागेना. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात ऑपरेशन झालं, रक्त चढवलं, ती वाचली. काढलं ते फक्त फुटलेलं शिंग, पिशवी ठेवली.

आणि मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या? या शिंगाला बहुतेकदा खाली वाटच नसते. गोळ्यांनी रक्त जातं, गर्भ तिथेच राहतो, आणि बाई मोकळी झाले समजून कोयता उचलते. चिडू नको तर काय करू?

पाळी नियमित येते म्हणून पिशवी ठीकच असेल, असंही धरून चालू नका. दिवस गेले असतील तर टोळी निघण्याआधी, दोन-अडीच महिन्यांतच सोनोग्राफी करा आणि गर्भ पिशवीत नेमका कुठे आहे, हे विचारा. फुटण्याआधी कळलं तर ऑपरेशन वेळेत होतं. आकारात दोष निघाला तर किडन्याही तपासून घ्या. कधी एक नसते. रिपोर्ट फडावर सोबत न्या.

गरोदरपणी पोटात अचानक जोराची कळ, चक्कर, थंड घाम, खांद्यात दुखणं, यातलं काहीही झालं तर मुकादमाची परवानगी मागत बसू नका. १०८ ला फोन लावा.