वाऱ्यातला दिवा (गीता, अध्याय ६, श्लोक १९)

आजच्या श्लोकात योग्याच्या चित्ताला निवात जागी न हलणाऱ्या दिव्याची उपमा दिलीय. निवात म्हणजे जिथे वारा नाही. वाचलं की बरेच जण म्हणतात, "आमच्याकडे अशी जागा आहे कुठे?" लोकल, ऑफिसचे कॉल, भाड्याच्या खोलीच्या पातळ भिंती... ध्यान राहतं ते राहतंच.

यावर आपल्या रायगडचा किनारा बघा. पेणहून अलिबागमार्गे थळला गेलं की समुद्रात खांदेरी दिसतं. १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी अशा दोघांना तोंड देत शिवाजी महाराजांनी तिथे दुर्ग उभारला. दीपगृह १८६७ चं. आता त्याला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. दुसरं दीपगृह कोर्लईचं. रोह्यावरून वाहत आलेली कुंडलिका समुद्राला मिळते, तिथेच. (कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली कानावर पडली तर दोन मिनिटं थांबून ऐका.)

दोन्ही जागी वारा भरपूर. पावसाळ्यात तर विचारूच नका! तरी दीपगृहाचा दिवा जळतो, कारण तो काचेच्या खोलीत असतो. वारा बाहेर चालूच राहतो, काचेच्या आत निवात.

आणखी एक गंमत. लांबून दीपगृह उघडझाप करताना दिसतं, पण फिरत्या भिंगाच्या जुन्या दीपगृहांत आतली ज्योत अखंड असायची. फिरायचं ते भिंग. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात फ्रेनेलचं भिंग बसलं. हे भिंग नवीन प्रकाश तयार करत नाही. वर-खाली वाया जाणारे किरण वळवून क्षितिजाकडे आणतं, बस. इथे मला याच अध्यायातला २६ वा श्लोक आठवतो. मन भटकूच नये अशी अट त्यात नाहीच. जिथे जाईल तिथून परत आणायचं. इंजिनिअर म्हणून मला ही अट फार व्यवहार्य वाटते.

३४ व्या श्लोकात अर्जुनही मनाला वाराच म्हणतो. भगवंत ते नाकारत नाहीत, अभ्यास आणि वैराग्य सांगतात.

आज एवढंच करून बघा: दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल तर बंद करून पिशवीत. मन किती वेळा गेलं ते मोजू नका.

खांदेरीला जायचं असेल तर पावसाळा सोडून, थळच्या कोळी बांधवांना भरती-ओहोटी विचारून जा. तिथल्या वेताळदेवाचं दर्शन चुकवू नका.

उद्या श्लोक २०. जय हरी!