परदेशातील मासिक खर्चाचा हिशेब

परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाच्या वेतनाचे मोजमाप मायदेशातील आप्तजन बहुधा रुपयांत करतात. रियाधमध्ये मिळणाऱ्या रियालांना विनिमय दराने गुणले की येणारा आकडा हीच त्याची मिळकत समजली जाते. परंतु जे रियाल घरभाडे, वीज व किराणा यांत तेथेच खर्ची पडतात, त्यांचे रुपये कधी होतच नाहीत. खरी मिळकत म्हणजे मासिक खर्च वजा जाता उरणारी शिल्लक होय.

१९८६ पासून सौदी रियालचे मूल्य डॉलरला ३.७५ या दराने स्थिर ठेवण्यात आले आहे. त्यामुळे डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला की मायदेशी धाडलेल्या प्रत्येक रियालाचे अधिक रुपये मिळतात. हा लाभ मात्र केवळ शिल्लक रकमेपुरता असतो. मुलांच्या शाळेची फी रियालांत भरणाऱ्या कुटुंबाचा खर्च त्यामुळे तिळमात्र कमी होत नाही.

सौदी अरेबियात वेतनावर प्राप्तिकर नाही. तथापि जानेवारी २०१८ मध्ये तेथे ५ टक्के मूल्यवर्धित कर सुरू झाला व जुलै २०२० मध्ये तो १५ टक्के झाला. याहून मोठा भार अवलंबितांवरील शुल्काचा पडला. खाजगी क्षेत्रातील परदेशी नोकराच्या पत्नीसाठी व प्रत्येक मुलासाठी जुलै २०१७ पासून दरमहा १०० रियाल आकारले जाऊ लागले. दरवर्षी १०० रियालांची भर पडत जुलै २०२० मध्ये हे शुल्क ४०० रियालांवर पोचले. पत्नी व दोन मुले बरोबर असल्यास महिन्याला १,२०० रियाल, म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल झाले. वेतन ५,००० रियाल धरले, तर त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा केवळ कुटुंब जवळ ठेवण्यासाठी जाऊ लागला.

अशा वेळी पुष्कळांनी कुटुंबाला मायदेशी पाठविले. शुल्क वाचले, पण एका संसाराच्या दोन चुली झाल्या, विमानप्रवासाचा खर्च आला आणि मुलांचे वाढणे पित्याला दुरूनच पाहावे लागले. या शेवटच्या गोष्टीची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही.

आणखी एक बाब सहसा विसरली जाते. तेथे परदेशी नोकराला वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन नसते. सेवासमाप्तीचे उपदान पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल अर्ध्या महिन्याच्या व पुढे दरसाल एका महिन्याच्या वेतनाच्या हिशेबाने मिळते. तेवढ्यावर उतारवय निभत नाही. म्हणून म्हातारपणासाठी बाजूला काढावयाची रक्कम ही शिल्लक न मानता भाड्याप्रमाणेच दरमहाचा खर्च मानावी. परदेशी जाण्याचा निर्णय हा खर्च मांडल्यानंतरच करणे श्रेयस्कर होय.