मेघवनातील भाषापाठ

परक्या शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. अर्थामागील वस्तू मात्र प्रत्यक्षच पाहावी लागते. याकरिता मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकामध्ये स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी मोंतेवेर्दे येथील मेघवनात जातात. १९७२ पासून हे वन राखीव आहे.

तेथे ‘अग्वाकातियो’ हा शब्द कानी पडतो. ‘अग्वाकाते’ म्हणजे अव्होकाडो. हा शब्द मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आला. ‘इयो’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय होय. लोट्यावरून लोटी व्हावी, तसेच हे. हे लहानसे रानफळ केत्साल नावाचा हिरवा-तांबडा पक्षी सबंध गिळतो व त्याची बी अन्यत्र ओकून टाकतो. त्यामुळे वृक्षाचा प्रसार होतो. फळांचा हंगाम सरताच पक्षी डोंगरउतारावरील खालच्या वनांत जातो. म्हणून केवळ माथ्यावरील वन राखून भागत नाही.

‘सापो दोरादो’ म्हणजे सोनेरी भेक. तो याच परिसरात आढळत असे. १९८९ नंतर तो कोणासही दिसलेला नाही. २००४ मध्ये तो नामशेष ठरविण्यात आला. भाषेत त्याचे नाव तेवढे उरले आहे.

सहलीस जाणाऱ्याने प्रत्येक नव्या शब्दासमोर ती वस्तू कोठे व केव्हा पाहिली, हे टिपून ठेवावे.